एक्केचाळिसावा फेरा

कुमुद गेल्याचं रंगरावांना गुरुवारी सव्वाअकरा वाजता कळलं. तेव्हा त्यांच्या बोटांत तांब्याची तार होती आणि तोंडात अठरा हा आकडा होता.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार कापून काढायची, नव्या तारेच्या कॉइली गुंडाळून बसवायच्या. बेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्या दिवशी बाकावर पिराजी चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीची मोटर होती. एका कॉइलीला चौसष्ट फेरे. फेरे मोजायला यंत्रावर काटा असतो, पण रंगरावांचा काट्यावर विश्वास नव्हता. ते तोंडाने मोजत. मोजताना कुणी हाक मारली तर मान वर न करता डावा हात वर करत. थांब, असा त्याचा अर्थ. हात खाली आला की बोलायचं. फेरा चुकला तर सगळी कॉइल उसवावी लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको कुमुद दारात उभी राहून हात खाली यायची वाट बघायची.

त्या दिवशी ती थांबली नाही. दहा वाजले होते, बाहेर रिक्षा उभी होती आणि तिला रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओत पोचायचं होतं. ती दारातून काहीतरी म्हणाली. रंगराव दुसऱ्या कॉइलीच्या एक्केचाळिसाव्या फेऱ्यावर होते. त्यांनी हात वर केला. रिक्षा गेल्याचा आवाज आला, हात खाली आला आणि ते बेचाळीस म्हणाले.

सव्वाअकराला फोन आला तो स्टुडिओतल्या शिरीन मुजावरचा. ती नुसतीच रडत होती. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि सरळ सांगितलं. जिना चढताना काकू खाली बसल्या, मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

रंगराव तसेच निघाले. पाचव्या कॉइलीचे अठरा फेरे झाले होते.

दिवसकार्य झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. रंगराव खाली येऊन बाकावर बसले आणि हाताला सवय राहावी म्हणून एक नवी कॉइल गुंडाळायला घेतली. एक्केचाळीसवर हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा एक्केचाळीस. तिथे आलं की ते दाराकडे कान देत. ती काय म्हणाली होती? 'येते हं' तर म्हणालीच असणार, त्याशिवाय ती कधी घराबाहेर पडली नाही. पण त्याच्यापुढे आणखी काही होतं. शेवट वर चढला होता, प्रश्न विचारल्यासारखा. विचारून ती क्षणभर थांबलीही होती. त्यांना सूर आठवत होता, शब्द नाही. शब्दांच्या जागी एक्केचाळीस होतं.

पिराजी चार-आठ दिवसांनी डोकावत.

"काय रंगराव, झाली का मोटर?"

"न्हाई."

"मग ज्वारी काय दातानं दळू?"

"दात हायत का?"

"तुमच्यापेक्षा दोन जास्त हायत," असं म्हणून पिराजी बाकाच्या कडेला बसत, थोडा वेळ रस्त्याकडे बघत, आणि उठून जात. त्यांनी गिरणीला दुसरी मोटर बसवली होती हे रंगरावांना नंतर दुसऱ्याकडून कळलं.

कुमुद अंगणवाडीत सेविका होती. सोळा वर्षांपूर्वी सबनीस नावाचे एक गृहस्थ तिच्या अंगणवाडीत आले. त्यांना बोलणाऱ्या प्राण्यांचा कार्टून सिनेमा काढायचा होता आणि मुलं कशाला हसतात ते बघायचं होतं. मुलं कुमुदला हसत होती. सबनीसांनी तिला साळूआत्या केलं.

'टेकडीवरची पंचायत' हा तो सिनेमा. साळूआत्या ही म्हातारी साळिंदरीण. टेकडीवरचे तंटे तिच्या बिळाच्या तोंडाशी सुटत. राग आला की अंगावरचा एक काटा गळायचा आणि ती म्हणायची, "हा तुझ्या नावचा गेला बघ!" महाराष्ट्रभरची पोरं एकमेकांना ते म्हणू लागली. सिनेमाचे पाच भाग निघाले. लहानग्यांसाठी 'साळूआत्याचं बीळ' ही मालिका निघाली, टिटवीची वेगळी मालिका निघाली, आणि मग मऊ काट्यांची बाहुली आली. मूल काही बोललं की ती साळूआत्याच्या आवाजात उत्तर द्यायची.

रंगरावांना हे सगळं अजबच वाटे. "साळिंदर बोलतं होय? आमच्या रानात आलं तर न बोलता भुईमूग खाऊन जातंय," असं ते म्हणत. पण घराच्या माळ्यावर चार गोधड्या टांगून आवाज न घुमणारी खोली त्यांनीच करून दिली होती. स्टुडिओ लांब पडे, म्हणून बरंचसं काम कुमुद माळ्यावरच करायची. समोरच्या प्राण्याचं वाक्य कुणीतरी वाचल्याशिवाय तिला बोलताच येत नसे. ते रंगराव वाचत. कोल्हा, मुंगूस, टिटवी, सगळे एकाच आवाजात.

"अहो, कोल्हा आहे तो. वीजबिल वाचताय का?"

"बिल तरी समजतं. हा कोल्हा काय म्हणतोय ते त्याचं त्याला ठावं."

ती हसायची, आणि हसू पुरतं ओसरायच्या आत साळूआत्या होऊन उत्तर द्यायची. शेवटची अकरा वर्षं असं चाललं.

तीन महिन्यांनी शिरीन आणि सबनीस घरी आले. शिरीन तिशीतली मुलगी, स्टुडिओत आवाजाचं यंत्र सांभाळायची. सबनीसांनी कुमुदच्या फोटोला हार घातला आणि बराच वेळ चहाचा कप तसाच हातात धरून बसले.

"सहावा भाग अर्धा झालाय, काका," शिरीन म्हणाली. "शेवटचा आहे. काकूंनी स्वतःच्या आवाजाच्या साच्याला आधीच परवानगी दिली होती. पण माणूस गेल्यावर नव्या कायद्याप्रमाणे वारसाची सही लागते."

"साचा म्हंजे?"

"त्यांच्या आधीच्या रेकॉर्डिंगवरून यंत्र शिकतं, आणि नवीन वाक्य त्यांच्यासारखं बोलतं."

"मग बोलू दे की. माझं काय काम?"

शिरीनने सबनीसांकडे पाहिलं. सबनीस म्हणाले, "तेच तर होत नाही. आवाज त्यांचाच आहे, शब्द बरोबर आहेत. पण मुलांना दाखवलं तर मुलं हसत नाहीत. बाहुलीचंही तसंच. नव्या साच्यावर टाकल्यापासून मुलं तिच्याशी बोलायची बंद झाली. एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, आत्या माझ्याकडे बघत नाही."

मग शिरीनने समजावून सांगितलं. पूर्वीची यंत्रं फक्त गळा शिकत. आवाज जाड की बारीक, कुठे खरखर येते, एवढंच. पण माणूस एकटा बोलत नसतो. समोरच्याचं वाक्य संपल्यावर आपण उत्तराला सुरुवात करतो ती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. एवढ्या वेळात विचार करून बोलता येत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपल्या मनात उत्तर तयार होत असतं, त्याच्या श्वासावर, चढउतारावर. आपला आवाज निम्मा समोरच्याने घडवलेला असतो. नवीन यंत्र हे सगळं शिकतं. त्याला बोलणाऱ्याच्या रेकॉर्डिंगबरोबर समोरच्याचंही रेकॉर्डिंग द्यावं लागतं.

"आमच्याकडे काकूंचं सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग तुमच्या माळ्यावरचं आहे," ती म्हणाली. "त्यात तुमचा आवाज पुसायचा राहिला होता. कुणाच्या लक्षातच आलं नाही. यंत्र अकरा वर्षांचं सगळं शिकलं, पण ते तुम्हाला उत्तर द्यायला शिकलं. परवा चुकून तुमच्या जुन्या वाक्याचा तुकडा आत गेला आणि काका, ते हसलं. आधी हसलं आणि मग बोललं."

रंगरावांनी माळ्याकडे बघितलं. 

"सही नंतर करा, नाहीतर करूच नका," सबनीस म्हणाले. "एकदा येऊन वाचून बघा."

सोमवारी रंगराव धुतलेला सदरा घालून स्टुडिओत गेले. जिना चढताना त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. काचेच्या खोलीत एक खुर्ची होती, समोर माइक, कागदावर मोठ्या अक्षरांत वाक्यं. शिरीन काचेच्या पलीकडे बसली.

पहिलं वाक्य कोल्ह्याचं होतं. रंगरावांनी चष्मा लावला आणि वाचलं, "आत्या, खरं सांगतो, कोंबडी मला रस्त्यात भेटली, मी तिला फक्त सोबत केली."

"कुठवर रे? घशापर्यंत?"

आवाज कानाशी आला. वाक्याच्या आधी दाबलेलं हसू होतं, माळ्यावर गोधडीत तोंड फिरवून ती हसायची तेच. रंगरावांनी चष्मा काढला. शिरीनने बोलायचं बटण दाबलं. "काका, थांबू या का?"

"नको. पुढचं वाक्य कुठलं?"

त्या दिवशी त्यांनी एकोणतीस वाक्यं वाचली. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधीच येऊन बसले. महिनाभर असं चाललं. सोमवार ते शुक्रवार, दहा ते एक. सही त्यांनी पहिल्याच आठवड्यात केली, सहाव्या भागापुरती. ते घरून डबा नेऊ लागले, वेळेवर जेवू लागले. पिराजी म्हणाले, "रंगराव, तोंडावर रया आली. कुठं कामाला लागलाय?"

"कोल्हा झालोय."

"तो तुम्ही पयल्यापासून हायच."

मोटर मात्र बाकावर तशीच होती. आणि वाचता वाचता रंगरावांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. ही जर आपल्याला उत्तर देते, तर तिला तेवढं एक विचारता येईल.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी शिरीनला विचारलं. आडपडदा न ठेवता. त्या दिवशीचं दार, रिक्षा, वर केलेला हात, सगळं सांगितलं. "कागदावर नसलेलं विचारलं तर बोलंल का ती?"

शिरीन म्हणाली, "बोलेल. पण काका, त्या दिवशी काय झालं ते यंत्राला माहीत नाही. अशा वेळी काकू बहुतेक काय म्हणाल्या असत्या, तेवढंच ते सांगेल."

"मला समजतं तेवढं. मोटर दुरुस्त करणारा माणूस हाय मी. आत काय हाय ते उघडल्याबिगर मी बी सांगतोच की, बहुतेक कॉइल गेली असंल. आणि बहुतेक तीच गेलेली असती."

तिने मान हलवली आणि बटण चालू केलं.

रंगरावांनी माइक जवळ ओढला. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्यासमोर कागद नव्हता. "कुमुद," ते म्हणाले. "गुरुवारी निघताना दारातून काय म्हणालीस? मी मोजत होतो."

सेकंदाचा पाचवा हिस्सा.

"मोजा तुम्ही आधी. हात खाली आला की सांगते."

रंगरावांचा डावा हात मांडीवर होता. तो त्यांनी उजव्या हाताने घट्ट धरला. हे ती म्हणायची. शेकडो वेळा म्हणाली होती. पण त्या दिवशी ती थांबली नव्हती, म्हणजे हे नव्हे.

"हात खाली हाय. सांग आता."

"डबा ओट्यावर ठेवलाय, आमटी गरम करून घ्याल ना?"

शेवट वर चढला. प्रश्न होता. त्या दिवशी ओट्यावर डबा होताही.  हेच असेल. असणारच. त्यांनी खात्री करावी म्हणून पुन्हा विचारलं.

"येताना तुमच्या गुडघ्याचं तेल आणू का?"

हाही प्रश्न होता. हाही तसाच चढला. तेल संपलं होतंच. त्यांनी पुन्हा विचारलं. "आज लवकर बंद कराल का हो, सहाला येते मी." पुन्हा विचारलं. "बरं वाटत नाहीये मला, जाऊ की नको?"

रंगराव उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

शिरीन धावत आत आली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, ते खरं नाही. तुमच्या आवाजात काळजी आली, म्हणून ते काळजीचं बोललं. मी सांगितलं ना तुम्हाला, समोरच्याच्या आवाजावरून..."

"कळलं मला."

"हवं तर आपण शंभर उत्तरं काढू. त्यातली जी पुन्हा पुन्हा येतील ती बाजूला काढता येतील. सगळ्यात जवळचं काय ते..."

"शंभरात तिचं एक असंल बी," रंगराव म्हणाले. "पण मला ते ओळखू यायला पाहिजे का नको? सगळीच तिची वाटतात. ती डब्याची वाटली, तेलाची वाटली, शेवटची बी वाटली."

त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी बाकावर बसून तार हातात घेतली. आतापर्यंत एक्केचाळीसवर त्यांना निदान तो सूर ऐकू यायचा, शब्दांशिवायचा, पण तिचा. आता तिथे डबा होता, तेल होतं, सहाला येणं होतं, आणि जाऊ की नको होतं. चारही आवाज सारखेच स्वच्छ. खालचा जुना सूर त्यांना सापडेना. ते तासभर बसून राहिले. पिराजी आले, त्यांनी बघितलं आणि आज मोटरीचं नावही न काढता शेजारून दोन चहा मागवले.

"वहिनींचं काही हाय का?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"हातात होतं तेवढं पण घालवून बसलो," रंगराव म्हणाले. पिराजींना अर्थ लागला नाही, पण त्यांनी विचारलंही नाही.

शुक्रवारी शेवटचा दिवस होता. सबनीस आले होते. त्यांनी आणखी एक कागद पुढे केला.

"सिनेमा आज पुरा होतोय, काका. पण बाहुली आहे, लहानग्यांची मालिका आहे. रोज कोण तुम्हाला बोलावणार? तुमच्याही आवाजाचा साचा करू या. मग मुलाचं बोलणं आतल्या आत तुमच्या आवाजात फिरेल, आणि त्याला साळूआत्या उत्तर देईल. मुलाला फक्त तीच ऐकू येईल. तुम्हाला यावं लागणार नाही. तुमच्या माघारीही चालू राहील."

"म्हंजे माझं मशीन विचारणार आणि तिचं मशीन उत्तर देणार."

"हो."

"आणि मध्ये कोण?"

सबनीसांनी कागद आणखी पुढे सरकवला.

"माझा आवाज असा काय भारी न्हाई, सबनीससाहेब. वीजबिल वाचतो मी. ती उत्तर द्यायची ते आवाजाला न्हाई. मी समोर बसलेला असायचो." रंगरावांनी कागद परत सरकवला. "आणि मी विचारलं की ते बोलतंय, मी भ्यालो की ते भितंय. ही कुमुद न्हवं. ही माझीच वाट बघत बसल्याली एक जागा हाय. पोरांना ती देऊ नका. पोरांसमोर कुणीतरी माणूस बसवा. दुसरी एखादी अंगणवाडीवाली शोधा."

"ती साळूआत्या होणार नाही."

"न्हाईच होणार. दुसरं जनावर करा. रानात काय कमी हायत?"

सबनीस हसले, आणि मग त्यांनी डोळे पुसले. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

शेवटचा प्रसंग एवढाच होता. साळूआत्या टेकडी सोडून पलीकडच्या रानात कायमची राहायला निघते. मुंगसाचं पिल्लू तिला अडवत नाही, कारण तिनेच त्याला शिकवलेलं असतं की निघालेल्याला अडवू नये. पिल्लू म्हणतं, "आत्या, तुझा एक काटा माझ्याकडे राहिला." त्यावर साळूआत्या उत्तर देते. मग पिल्लू एकच शब्द म्हणतं आणि सिनेमा संपतो.

रंगरावांनी पहिलं वाक्य वाचलं.

"राहू दे," कुमुदचा आवाज म्हणाला. "येते हं."

कागदावर पुढे 'ये' लिहिलं होतं. रंगरावांनी ते पाहिलं. काचेपलीकडे शिरीन थांबली होती. यंत्राचं काम झालं होतं, त्याला आता पुढचं वाक्य नको होतं. सिनेमातलं पिल्लू एक लहान मुलगी बोलणार होती. हा शब्द फक्त रंगरावांनी अकरा वर्षं सगळी वाक्यं शेवटपर्यंत वाचली म्हणून त्या कागदावर होता.

त्यांच्या लक्षात आलं, की त्या गुरुवारचं काय राहिलं ते आपण इतके दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. तिने काय विचारलं ते आता कळणार नाही. पण 'येते हं' म्हणणाऱ्याला 'ये' म्हणायचं असतं, ते त्यांना ठाऊक होतं, आणि तेही त्यांनी म्हटलं नव्हतं. हात वर केला होता.

त्यांनी तोंड उघडलं. समोर माइक होता, काच होती, शिरीनच्या समोरचा हिरवा दिवा होता. कुमुद नव्हती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कागद उलटा केला आणि ते उठले.

"काका, एक शब्द राहिला," शिरीन हळूच म्हणाली.

"इथं न्हाई म्हणायचा तो," रंगराव म्हणाले.

सिनेमा दिवाळीत लागला. पोरं हसली, शेवटी रडली. साळूआत्याच्या बाहुल्या सबनीसांनी दुकानांतून परत मागवल्या. शिरीन महिन्यातून एकदा येते, बाकावर बसते, माळ्यावरच्या गोधड्या उन्हात टाकायला मदत करते.

पिराजींची मोटर अजून बाकावर आहे. पाचव्या कॉइलीचे अठरा फेरे झालेत, सेहेचाळीस राहिलेत. आणि कुमुदला ये म्हणायचं राहिलंय.